वेल्ड केलेला जोड सॉफ्टवेअरमध्ये दाखवायचा तरी कसा? (३.९ की ५.४)

भोसरीचा_भिडू

मंडळी, चार दिवस डोकं फिरलंय, म्हणून धागा काढतोय.

आमच्या शॉपमध्ये मेंटेनन्ससाठी एक साधी पोर्टल फ्रेम उभी केली. दोन कॉलम, १५० × १५० × ५ चा चौकोनी पाइप, उंची ३.५ मीटर. मधे आयएसएमबी २०० चा (आय आकाराचा, २०० मिमी उंच) आडवा बीम, कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४ मीटर. बीमची टोकं पाइपच्या तोंडावर थेट टेकवून सगळीकडून ६ मिमी फिलेट (कोपऱ्यात भरलेला तिकोनी वेल्ड) मारलाय. गसेट नाही, स्टिफनर नाही, जोड ताठ करणारी कुठलीच जादा प्लेट नाही. बीमच्या खालच्या फ्लँजवर २ टनांची चेन पुली फिरते.

स्टाडमध्ये (फ्रेमचं गणित करणारं सॉफ्टवेअर) सगळे जोड रिजिड (अजिबात न वळणारे), पाया फिक्स, बीमच्या मध्यावर २ टन. बीम मध्यावर किती वाकेल याचं उत्तर आलं ३.९ मिमी. शनिवारी खरोखर २ टनांची डाय टांगली. डायल गेजवर ५.४ मिमी.

साहेब विचारतात, "सॉफ्टवेअर चुकलं की वेल्डर?" फ्रेम पडायला आलेली नाही, ताण बराच कमी आहे, तेवढं मलाही कळतं. पण दीड मिमी गेला कुठे? वेल्ड मॉडेल केलाच नाही म्हणून असं झालं का? बीड (वेल्डची भरलेली ओळ) सॉलिडमध्ये काढायला हवा होता का?

ठिणगी

वेल्डर कधीच चुकत नाही. चुकतं ते ड्रॉइंग. ड्रॉइंग बरोबर निघालं तर मग लाइट गेली होती.

निवृत्त_गर्डर

अरे भिडू, सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर दोन टोकं काढून ठेवत जा. बीम दोन्हीकडे नुसता टेकलाय असं धरलं तर पीएल घन भागिले ४८ ईआय (पी वजन, एल लांबी, ई पोलादाचा ताठपणा, आय बीमच्या आकाराचा). ४ मीटर, २० किलोन्यूटन, आय २२३५ सेमी⁴ घेऊन ६.० मिमी येतात. दोन्ही टोकं भिंतीत गाडली तर १९२ ने भागायचं, म्हणजे १.५ मिमी. बीम आखूड आहे, त्यामुळे शिअरचे पाव मिमी दोन्हीकडे मिळव. स्टाड ते आपोआप धरतो, कागद धरत नाही.

तुझं खरं उत्तर ५.४. म्हणजे तुझा 'रिजिड' जोड पिनच्या (मोकळ्या बिजागरीच्या) शेजारी जाऊन बसलाय. चोर कोण ते मी सांगत नाही, तू शोध.

मेशकरी

माझ्या मते बीम एलिमेंटवर (बीम म्हणजे नुसती रेघ) विसंबून राहणंच चूक आहे. सरळ सॉलिड मॉडेल करा. बीडचा त्रिकोण काढा, मुळाशी २ मिमीचं मेश (मॉडेलचे बारीक तुकडे) द्या, बीमचं टोक आणि पाइप यांच्यामधे फटीसाठी कॉन्टॅक्ट द्या. वेळ लागेल, पण खरं उत्तर मिळेल. आजकाल मशीनं एवढी तगडी आहेत, कंजुषी कशाला?

गसेटप्रेमी

मेशकरी, असहमत. रात्रभर कॉम्प्युटर तापवून सकाळी काय हाती येणार, त्याचा आधी अंदाज घेऊ.

भिडूच्या मॉडेलमध्ये टोकाचा मोमेंट (वळवणारा जोर) साधारण ५ किलोन्यूटन-मीटर असणार. दोन फ्लँजमधलं अंतर १९० मिमी, म्हणजे एका फ्लँजला २६ किलोन्यूटन. ६ मिमी फिलेटचा थ्रोट (वेल्डची सगळ्यात कमी जाडी) ४.२ मिमी. फ्लँजच्या वरून आणि खालून १००-१०० मिमी वेल्ड धरला तर ताण ३० मेगापास्कलच्या आसपास. एवढ्या ताणाला ६ मिमीचा तो तुकडा किती ताणला जाईल? एक मायक्रॉन. फार तर दोन म्हणा. आपण शोधतोय दीड हजार मायक्रॉन.

वेल्ड हा जोडातला सगळ्यात ताठ माणूस आहे. वाकतंय दुसरंच कोणीतरी.

भिडू, मोजलंस कसं ते आधी सांग. डायल गेजचा स्टँड कुठे होता? फ्रेमलाच चिकटवला असशील तर हा धागा इथेच बंद करू.

भोसरीचा_भिडू

@गसेटप्रेमी, एवढाही नवखा नाही हो. स्टँड जमिनीवर, फ्रेमला कुठेही न लावता. रिकाम्या पुलीवर शून्य केलं, डाय उचलली, वाचलं, उतरवली, पुन्हा शून्य. तीनदा. ५.३, ५.४, ५.४.

कोल्हापुरी_रांगडा

पाया बघा की राव! बेस प्लेट किती जाडीची? अँकर किती? खाली ग्राउट (ओतलेलं सिमेंट) आहे का नुसत्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) ठोकल्यात? आमच्याकडं 'फिक्स' म्हणून दाखवलेल्या दहा पायांतले आठ हातानं हलतात.

भोसरीचा_भिडू

बेस प्लेट १२ मिमी, चार अँकर. ग्राउट... आहे. म्हणजे होतं. (शिमा पण आहेत.)

तुमचं ऐकून पाया पूर्ण पिन करून चालवलं. ३.९ चे ४.३ झाले. तरी १.१ मिमी शिल्लकच.

ठिणगी

"आहे. म्हणजे होतं." हे वाक्य आमच्या शॉपच्या दारावर रंगवून घेणार आहे.

ऑफसेट_आजोबा

स्टाड कॉलमच्या मध्यरेषेपर्यंत बीम नेतो. खरा बीम पाइपच्या तोंडाशी संपतो. दोन्हीकडे ७५ मिमी ऑफसेट देऊन बघा.

निवृत्त_गर्डर

आजोबा, ऑफसेट दिला की बीम ४ चा ३.८५ मीटर होईल आणि उत्तर आणखी खाली जाईल. ह्याचं दुखणं उलट बाजूला आहे. डोकं दुखतंय आणि तुम्ही पायाला बाम चोळताय.

पहिलाच_रोलकेज

सर्वांना नमस्कार, मी थर्ड इयर मेकॅनिकल, आमच्या कॉलेजच्या बाहा टीममध्ये (विद्यार्थ्यांनी ऑफरोड गाडी बनवायची स्पर्धा) आहे. थोडं अवांतर, पण विषय तोच. आम्ही सॉलिडवर्क्समध्ये पाइप एकमेकांना बाँडेड कॉन्टॅक्ट देऊन जोडतो. फॅकल्टी म्हणतात वेल्ड म्हणजे बाँडेडच. हे बरोबर आहे का?

गसेटप्रेमी

@रोलकेज, बाँडेड म्हणजे टेकलेला अख्खा पृष्ठभाग फेविकॉलने चिकटवल्यासारखा. पूर्ण आत गेलेल्या बट वेल्डला ते चालेल. फिलेटमध्ये फक्त कडा चिकटलेल्या असतात, मधलं पोट नुसतं टेकलेलं. जाड प्लेटवर जाड प्लेट ठेवून भोवतीने फिलेट मारला आणि मॉडेलमध्ये बाँडेड दिलं, तर वेल्डमधून जाणारा जोर कुठेतरी मधल्या पोटातून गेलेला दिसतो आणि वेल्डचा ताण सुखद कमी येतो. सुखद आणि खोटा.

तुमच्या पातळ पाइपांना फरक कमी पडेल, कारण पाइपची भिंत म्हणजेच कड. तुम्हाला मुळात सॉलिडची गरजच नाही. केजसाठी (गाडीच्या पाइपांच्या पिंजऱ्यासाठी) बीम एलिमेंट घ्या, एका नोडवर येणारे पाइप खरंच एका बिंदूत मिळतात का तेवढं बघा. वेल्डरने पाइप १५ मिमी बाजूला सरकवला असेल तर मॉडेलमध्येही सरकवा. तो सरकलेला पाइप मेशपेक्षा जास्त महाग पडतो. आणि वेल्डचे जे नमुने तोडून आणि कापून दाखवावे लागतात ते मन लावून करा. कापलेल्या तुकड्यात मुळापर्यंत धातू गेलाय की नाही ते उघड्या डोळ्यांना दिसतं, सॉफ्टवेअरला कधीच दिसत नाही.

पहिलाच_रोलकेज

धन्यवाद सर! आमचा पाइप १५ नाही, २० सरकलाय.

मेशकरी

गसेटप्रेमींचा मायक्रॉनचा हिशोब मान्य. पण एक सांगतो, बीडच्या टोकाशी मी एकदा मेश बारीक करत गेलो. ताण १८०, मग २६०, मग ४१०. म्हणून मी सॉलिडचा आग्रह धरतो, बीम मॉडेलला हे कळणारच नाही.

अपर्णा_स्ट्रक्चर

मेशकरी, तो ताण खरा नाही. आत वळणाऱ्या तीक्ष्ण कोपऱ्यात लवचीक गणिताला उत्तरच नसतं, मेश अर्धं केलं की ताण वाढतो आणि वाढतच राहतो. तुम्ही ४१० वर थांबलात कारण जेवायची वेळ झाली असेल.

थकव्यासाठी (पुन्हापुन्हा भार येऊन पडणाऱ्या भेगांसाठी) आयआयडब्ल्यूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेची, हॉट स्पॉट पद्धत याच कारणाने कोपऱ्याच्या ताणाला हातच लावत नाही. वेल्डच्या टोपासून (टो म्हणजे बीड संपून प्लेट सुरू होते ती कड) प्लेटच्या जाडीच्या ०.४ पट आणि १.० पट अंतरावरचे ताण घ्यायचे आणि १.६७ गुणिले पहिला उणे ०.६७ गुणिले दुसरा, असा टोवरचा आकडा काढायचा. किंवा मग टो मुद्दाम १ मिमी त्रिज्येने गोल करायचा, ती नॉच पद्धत वेगळी. पण भिडूची पुली दिवसातून चारदा चालते. थकवा हा ह्या धाग्याचा प्रश्न नाही.

आता मूळ प्रश्न. मला आश्चर्य वाटतंय की पाइपच्या तोंडाकडे अजून कोणी बघितलंच नाही.

बीमचा फ्लँज १०० मिमी रुंद, पाइपचं तोंड १५० मिमी, पत्रा ५ मिमी. म्हणजे फ्लँजच्या दोन्ही कडांपासून पाइपच्या बाजूच्या भिंतीपर्यंत २५-२५ मिमी मोकळा पत्रा. वरचा फ्लँज हे तोंड बाहेर ओढतो, खालचा आत ढकलतो. पत्रा ढोलाच्या कातड्यासारखा फुगतो आणि दबतो. स्टाडच्या बीम एलिमेंटला पाइप ही एक रेघ आहे. रेघेला तोंड नसतं, त्यामुळे ते वाकतही नाही.

तुझ्या ५.४ वरून उलट हिशोब केला. शिअर वजा करून, पाया फिक्स आणि पिन अशा दोन्ही टोकांना धरून, जोडाचा ताठपणा ६०० ते ७०० किलोन्यूटन-मीटर प्रति रेडियनच्या मधे येतो. युरोकोड ३ च्या (युरोपचा पोलादी बांधकामाचा कोड) जोडांच्या भागात सीमा अशी आहे: बीमच्या ईआय भागिले एल च्या अर्ध्याहून कमी असेल तर पिन म्हणा. स्थिर धरलेल्या फ्रेममध्ये ८ पट, डुलणाऱ्या फ्रेममध्ये २५ पट ओलांडली तर रिजिड म्हणा. तुझ्या बीमला अर्धं म्हणजे ५६०, आणि २५ पट म्हणजे जवळपास २८,०००. तू रिजिड म्हणून २८,००० च्या पलीकडचा जोड काढलास आणि बांधलास ६५० चा. आपल्या आयएस ८००:२००७ मध्येही परिशिष्ट एफ मधे अर्धताठ जोड आहेत, पण ते पान कोणी उलटत नाही.

त्यामुळे बीडचं मेश नको. पाइपचा एक मीटर आणि बीमचा अर्धा मीटर, एवढाच तुकडा शेल एलिमेंटने (पत्र्यासारख्या पातळ तुकड्यांनी) काढ, एकक मोमेंट दे, कोन मोज. तो ताठपणा स्टाडमध्ये बीमच्या टोकाला रिलीजमधे स्प्रिंग म्हणून घाल.

भोसरीचा_भिडू

अपर्णाताई, दंडवत. आज रात्रीच बसतो.

ह्यूस्टनकर

सुंदर चर्चा. इकडची एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

१७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. तोवर सगळ्यांची समजूत अशी की बीमचे फ्लँज कॉलमला पूर्ण आत वेल्ड केले की जोड रिजिड आणि लवचीकही. बीम आधी वाकेल, वेल्ड टिकेल. इमारती उभ्या राहिल्या, पण नंतर छत आणि अग्निरोधक थर काढून पाहिलं तर जोडांना भेगा, बहुतेक खालच्या फ्लँजपाशी. वेल्डखाली ठेवलेली बॅकिंग पट्टी तशीच सोडलेली असायची, तिच्या आणि कॉलमच्या मधली फट ही तयार भेगच. खालच्या फ्लँजला वेल्डरला मधे वेब आडवा येतो म्हणून तिथेच थांबून पुन्हा सुरू करावं लागे. वर वेल्डचा धातूही चिवट नव्हता. बरोबर वर्षाने, १७ जानेवारी १९९५ ला, कोबेतही पोलादी इमारतींच्या जोडांना भेगा पडल्या. पुढे २००० साली फेमा ३५० (अमेरिकेच्या आपत्ती संस्थेची शिफारसपुस्तिका) आलं, आणि बीमचा फ्लँज जोडापासून थोडा दूर मुद्दाम कापून बारीक करायची पद्धत रूढ झाली, म्हणजे वाकायचंच असेल तर तिकडे वाक.

ह्यातलं काहीही त्या काळच्या फ्रेम मॉडेलमध्ये दिसणं शक्य नव्हतं. तिथे तो जोड म्हणजे एक नोड होता.

ठिणगी

बॅकिंग पट्टीवरून आठवलं. आमच्याकडे एकाने ८ मिमी गॅपमधे १० ची सळी आडवी घालून वरून झकास बीड ओढला. वरून बघाल तर पाठ्यपुस्तकात छापावा असा. ग्राइंडर मारल्यावर सळी निघाली. विचारलं तर म्हणाला, "साहेब, लोखंडच आहे ना?"

गसेटप्रेमी

@ठिणगी, त्या सळीला कुठलं एलिमेंट द्यायचं ते मेशकरींना विचारा.

मेशकरी

मी नाही त्यातला.

अल्युमिनियमवाला

अल्युमिनियमवाल्यांनी हा धागा वाचून पोलादाचे नियम उचलू नयेत म्हणून दोन ओळी. ६०६१-टी६ ला वेल्ड केलं की शेजारच्या साधारण २५ मिमी पट्ट्यात ताकद जवळजवळ निम्मी होते, ताठपणा मात्र तोच राहतो. म्हणजे डायल गेजला काहीच कळत नाही आणि फ्रेम अर्धी कमजोर. मॉडेलमध्ये त्या पट्ट्याला वेगळं मटेरिअल द्याच.

भोसरीचा_भिडू

शेल मॉडेल झालं. मधल्या पृष्ठांवर काढलं, वेल्ड दाखवलाच नाही, फ्लँजचं टोक थेट पाइपच्या पत्र्याला जोडलं. जोड ५८० आला. स्टाडमध्ये स्प्रिंग घालून, पाया पिन ठेवून, ५.५ मिमी. मोजलेले ५.४. मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली.

एक शंका. शेल मॉडेल खऱ्यापेक्षा थोडं मऊ का?

अपर्णा_स्ट्रक्चर

इथे मात्र तुझा वेल्ड कामाला येतो. ६ मिमी फिलेट फ्लँजच्या वर, खाली आणि कडेला पसरतो, त्यामुळे २५ मिमीचा मोकळा पत्रा खरा १९ च राहतो. शिवाय पाइपचा कोपरा गोल आहे, तू काटकोनात काढला असशील. वेल्ड ताणला जात नाही, पण पाय पसरून बसतो. हवं तर त्या ६ मिमी पट्ट्यात पत्र्याची जाडी वाढव. तेवढं वेल्डचं मॉडेलिंग पुरे.

ताकदीकडे मात्र बघ. असा फ्लँज पाइपच्या तोंडावर आला की त्याची सगळी रुंदी काम करत नाही. युरोकोडच्या सूत्राने, दोन्ही पोलादं सारख्या ताकदीची धरली तर, १०० पैकी जेमतेम १५ मिमी. जोर कडांकडून, म्हणजे बाजूच्या भिंतींजवळून जातो, मधला वेल्ड आराम करतो. थ्रोट गुणिले पूर्ण लांबी असा हिशोब केला असशील तर तो पुन्हा कर.

निवृत्त_गर्डर

आमच्या काळी असल्या जोडाला पिन धरून मोकळे व्हायचो. बीम ६ मिमी वाकेल असं धरायचं, ५.४ वाकला तर पेढे वाटायचे.

गसेटप्रेमी

काका, इथे पिन धरलात आणि कोल्हापुरींच्या म्हणण्याप्रमाणे पायाही पिन धरलात, तर ती फ्रेम राहत नाही, घडीची खाट होते. बाजूला ढकला, आडवी.

आणि भिडू, खरी भीती मला तिथेच वाटते. उभ्या वजनाला जोड मऊ झाला तर दीड मिमी जातो, कोणाला पडलंय. पण पुली बीमवरून ढकलून झटक्यात थांबवली की फ्रेम बाजूला डुलते, आणि तिला धरायला तुझ्याकडे ह्या जोडाशिवाय दुसरं काहीच नाही. १०० किलोच्या आडव्या ओढीचा हिशोब केला. पाया फिक्स, जोड रिजिड: १.१ मिमी. पाया फिक्स, जोड ६५० चा: २.२. पाया पिन, जोड रिजिड: ४.५. दोन्ही मऊ: १४ मिमी.

उभ्या चाचणीत पायाचा फारसा फरक पडत नव्हता म्हणून आपण तो सोडून दिला. आडव्या चाचणीत तोच बोलेल.

कोल्हापुरी_रांगडा

म्हटलं नव्हतं, पाया बघा?

निवृत्त_गर्डर

घडीची खाट मान्य. माझे पेढे परत करा.

भोसरीचा_भिडू

आज दुपारी केलं. बीमच्या पातळीला कॉलमला पट्टा बांधला, मधे लटकता वजनकाटा लावला, समोरच्या आरसीसी खांबाला चेन ब्लॉक अडकवून १०० किलो ओढ दिली. ६ मिमी. सोडल्यावर पूर्ण शून्यावर आली नाही, अर्धा मिमी राहिला. तो शिमांचा असावा, कारण एक शिम बोटाने बाहेर आली.

म्हणजे जोड ६५० चा धरला तर पाया फिक्स आणि पिनच्या मधे कुठेतरी आहे. पाया पूर्ण पिन धरूनही रिजिड जोडाने ४.५ च्या वर जाता येत नाही, तेव्हा जोड मऊ हे दुसऱ्या वाटेनेही आलं. साहेबांना कागदावर चारही आकडे दाखवले. त्यांनी फक्त विचारलं, "वेल्डर नाही ना?" नाही म्हटल्यावर वेल्डरला चहा सांगितला.

आता दोन पर्याय आहेत. पाइपच्या तोंडावर १० मिमीची पूर्ण रुंद प्लेट घालून तिच्यावर बीम लावायचा, म्हणजे बीम कापून काढावा लागेल. किंवा आहे तसंच ठेवून खालून ४५ अंशात नी-ब्रेस (बीम-कॉलमच्या कोपऱ्यातला तिरका टेकू). साहेबांचा कल नी-ब्रेसकडे आहे, कारण शॉप रविवारीच बंद असतं.

गसेटप्रेमी

नी-ब्रेस लाव. फक्त त्याचं खालचं टोक पुन्हा त्याच ५ मिमी पत्र्याच्या मधोमध टेकवू नकोस.

भोसरीचा_भिडू

...ड्रॉइंग तसंच काढलं होतं. बदलतो.